तिथं काय पिकते

माझ्या नवऱ्याने ते माझ्या मोबाइलवर टाकून दिलं, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. तो अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि असलं काहीबाही त्याला सापडत असतं. रोज सहा-सात मिनिटांचा एक भाग येतो. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला कुठलाही एक लेख, डोळे मिटून बोट ठेवावं तसा निवडलेला, आणि एक यंत्राचा आवाज तो इंग्रजीत वाचून दाखवतो. आज एखादा किडा, उद्या एखादं रेल्वे स्टेशन, परवा कोणे एके काळचा खेळाडू. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. सकाळी भाजी चिरताना मी ते ऐकायची आणि ऑफिसात पोचेपर्यंत विसरून जायची.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता भावाचा फोन आला. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. अकोल्याजवळ, पातूरच्या रस्त्याला आमची फुलांची शेती आहे, ती तो बाबांसोबत पाहायचा. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी.

"ताई, बाबाच्या दोनी किडन्या गेल्या," तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा मशीनवर न्या लागते. बुधवारी मी नेतो. शनिवारी मले जमून नाई राहिलं, फुलाचा बाजार रायते. तू येशीन काय?"

"बाबाले इचारलं?"

"इचारलं."

"काय म्हनले?"

"काईच नाई म्हनले. पन नाई, असं बी नाई म्हनले."

बाबा माझ्याशी अकरा वर्षं बोलले नव्हते. मी ज्याच्याशी लग्न केलं तो बौद्ध घरातला, आम्ही माळी. कारण एवढंच. त्यांनी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. "तुले जायाचं असन त जाय. मंग इकडे येजो नोको," एवढं बोलले आणि टोपलं उचलून फुलं तोडायला गेले. पुढच्या तीन वर्षांत आई गेली. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. भाऊ फोनवर इतका रडत होता की आधी का नाही सांगितलं, हे मी त्याला विचारलंच नाही. नंतरही कधी विचारलं नाही. आमच्यात ती जागा तशीच राहून गेली.

तरी मी गेले. साहेबांना सांगून शनिवारची सुट्टी मागून घेतली आणि बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला उतरले. भावाने बाबांना ऑटोने दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं होतं. बाबा उतरले. धोतर तसंच पांढरंस्वच्छ, पण आत माणूस निम्मा राहिलेला, चेहरा मात्र सुजलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे पाहिलं. मी हात पुढे केला नाही. ते कठड्याला धरून चढले, मी मागून चढले.

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा होत्या. आधी वजन करतात, मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते पाहायला. मग डाव्या हातात दोन जाड सुया टोचतात. त्या हाताची शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते; बोट ठेवलं तर आत काहीतरी घुमत असल्यासारखं लागतं. चार तास रक्त नळीतून बाहेर जातं, मशीनमधून फिरतं आणि परत येतं. माणसाने नुसतं पडून राहायचं. शेवटी सुया काढल्या की त्या जागी कापूस ठेवून बोटाने दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही. ते सोबत आलेल्याचं काम. पहिल्या शनिवारी सिस्टर मला म्हणाली, "तुमी मुलगी ना? धरा असं." मी धरलं. अकरा वर्षांनी बाबांना हात लावला तो असा. ते भिंतीकडे पाहत होते.

तीन शनिवार आम्ही एक शब्द न बोलता काढले. चार तास फार मोठे असतात. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं घरच्यांशी बोलत, झोपत, टीव्ही पाहत. आम्ही दोघं पंख्याकडे पाहायचो. चौथ्या शनिवारी मला ते सहन होईना, म्हणून मी इअरफोन कानात घातले आणि त्या दिवसाचा भाग लावला. पोलंड देशातल्या कुठल्याशा खेड्याबद्दल होता.

"काय आयकून राहिली?"

मला आधी वाटलं शेजारच्या खाटेवरून कोणी विचारलं. बाबा छताकडेच पाहत होते.

"एका गावाबद्दल सांगून राहिले," मी म्हटलं. "दूरच्या देशातलं गाव हाय."

"कोन्तं गाव?"

मी नाव सांगितलं. ते मलाही नीट म्हणता येत नव्हतं. मग मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. थोडं ऐकून म्हणाले, "इंग्रजी हाय हे." मग मी थांबवून थांबवून आमच्या बोलीत सांगू लागले. गाव कुठल्या तालुक्यात येतं, जवळचं शहर किती लांब, माणसं दोनशेच्या वर.

"तिथं काय पिकते?"

"ते नाई सांगितलं."

"मंग काय सांगितलं?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरची नाराजी होती. गावाबद्दल सांगायचं आणि काय पिकतं ते सांगायचं नाही, हे त्यांना पटेना. मी मोबाइलवर शोधलं. त्या भागात बटाटा आणि राय नावाचं धान्य होतं, असं मिळालं. राय कसं असतं, हे त्यांनी विचारलं. गव्हासारखं, मी म्हटलं. "भाकर होते काय त्याची?" होते, काळी होते. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पुढे तीन तास काही बोलले नाहीत. पण मला कळलं होतं की आता दर शनिवारी हे होणार.

तसंच झालं. सुई टोचून झाली, सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली की ते म्हणायचे, "लाव." एकदा नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा दीपस्तंभ आला. एकदा पाठीवर ठिपके असलेला पतंग, ज्याच्याबद्दल लेखात चार ओळीही नव्हत्या. एकदा गाठ मारायचा एक प्रकार आला, तेव्हा त्यांनी उजव्या हाताने चादरीच्या टोकाला ती गाठ मारून पाहिली. ते सातवीपर्यंत शिकलेले. पण ऐकताना त्यांचं लक्ष इतकं असायचं की मी एखादी ओळ गाळली तर त्यांना समजे. "मंधात काईतरी राह्यलं," म्हणायचे. मला नीट सांगता यावं म्हणून मी गाडीत बसल्या बसल्या तो भाग दोनदा ऐकू लागले, अडलेले शब्द वहीत लिहून घेऊ लागले. आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच होतं. माझं घर, माझी मुलगी, तिची शाळा, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. आईचं नाव आमच्यापैकी कोणी घेतलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी झेंडू आला. मी हसले आणि त्यांना सांगितलं, आज तुमचंच हाय. ते उशीवर थोडे वर सरकले. मी सांगत गेले. झेंडू मुळात आपल्याकडचा नव्हे. अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. समुद्रावरून परक्या लोकांनी आणला.

"दसऱ्याचा झेंडू?"

"हो."

"देवाले वाहातो तो?"

"हो बाबा, तोच."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होते. बाहेरून आलेलं फूल तुम्ही जन्मभर देवाला घातलंत, आता तरी काही म्हणाल, असं मनात होतं. भाजी चिरताना ऐकलं तेव्हापासून मी ते मनात घोळवत आले होते.

"तिकडे त्याले रोग कोन्ता पडते?" बाबांनी विचारलं. "आपल्याकडे फुलाची कयी सडते. तिकडे सडते का?"

मला त्यांचा राग आला. मग माझाही आला.

पौषात एका शनिवारी कुस्तीगिराचा लेख निघाला. कुठल्या देशाचा ते आता आठवत नाही. फार जुना माणूस. कोणत्या स्पर्धेत उतरला, कितवा आला, एवढंच होतं. जन्माचं वर्ष होतं. मृत्यूच्या जागी लिहिलं होतं की माहीत नाही.

"मेला कवा, थे माईत नाई?"

"नाई. तसंच लिवलं हाय."

"घरच्यायले माईत असन."

"असन," मी म्हटलं.

मशीन आपल्या लयीत फिरत होतं. बाबा छताकडे पाहत होते. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "तुयी माय गेली थ्या दिवशी तुले फोन लावत होता तुया भाऊ. म्या त्याच्या हातातून मोबाइल घेतला."

मी विचारलं, "काहून?"

"तू आली असती त मले तुयाशी बोला लागलं असतं."

"मायचं तोंड पाहू नाई देलं तुमी मले."

"नाई देलं," बाबा म्हणाले.

चुकलं म्हणाले नाहीत, माफ कर म्हणाले नाहीत. मी कानातला इअरफोन काढला, त्यांच्या कानातला काढला, वायर गुंडाळली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. उरलेला वेळ तिथंच होते. चार तास भरल्यावर सिस्टरने हाक मारली, तेव्हा मी दारातूनच तिला म्हटलं, "आज तुमीच धराल काय दहा मिनिटं?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि कापूस धरून उभी राहिली. भाऊ न्यायला आला तेव्हा मी त्याच्याशीही बोलले नाही. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडले नाही. नंतर रडले.

पुढच्या शनिवारी परीक्षेचं काम आहे म्हणून भावाला कळवलं. त्याने बाजार सोडून बाबांना नेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात शुक्रवार आला तरी मी काही ठरवत नव्हते. संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. त्याला मी सगळं सांगितलं होतं.

"तुला जायचं नसेल तर जाऊ नको," तो म्हणाला. "कोणी तुला बोलणार नाही. पण त्यांचं मशीन चुकायला नको. उद्या मी नेतो."

"तू?"

"मला शाळेला सुट्टी आहे."

"ते तुला ओळखतील तरी काय?"

"नाही ओळखलं तर सांगीन."

मी त्याला थांबवलं नाही. तो सकाळच्या गाडीने गेला. मी घरातले सगळे पडदे काढले आणि हाताने धुतले. घरात वॉशिंग मशीन असताना हाताने धुतले. दुपारी दोनदा मोबाइल उचलला आणि परत ठेवला. बाबांनी त्याला खोलीतून काढून दिलं असेल, सगळ्यांसमोर काही बोलले असतील, असंच डोळ्यांपुढे येत होतं. मुलीने विचारलं, पप्पा कुठे गेले, तेव्हा मी म्हटलं, आजोबांकडे. हा शब्द आमच्या घरात त्याआधी माझ्या बाबांसाठी कधी वापरला गेला नव्हता. सासरे गेलेले आहेत, भिंतीवर त्यांचा फोटो आहे. ती त्या फोटोकडे पाहू लागली.

तो संध्याकाळी आला. हातपाय धुतले, चहा मागितला. मी कप समोर ठेवला आणि उभी राहिले.

"ओळखलं त्यांनी," तो म्हणाला. "भावाने सांगायच्या आधीच ओळखलं. पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. चढवत नव्हतं त्यांना."

"बोलले?"

"सुई टोचेपर्यंत काही नाही. मग म्हणाले, आजचं कोन्तं हाय? मी लावलं. थंड देशातलं एक तळं होतं, सहा महिने गोठलेलं असतं. मी सांगितलं त्यांना. तर मला विचारलं, तिथं काय पिकते?"

"मग?"

"मी म्हटलं, मला माहीत नाही. मग आम्ही दोघांनी अंदाज केला. गोठलेल्या पाण्याखाली मासे कसे जगतात ते मी समजावलं. बर्फ वर तरंगतं, खाली पाणी राहतं. त्यांना आवडलं ते. आणि मध्येच म्हणाले, तुमी चा घेतला का."

"तुमी म्हनले?"

"तुमी म्हणाले."

बाबा गावातल्या धाकट्या माणसांना सरसकट अरे-तुरे करत. जावयाला तुमी म्हणतात. मी कप उचलून आत गेले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी गेले. राग गेला होता म्हणून नव्हे. तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण बसल्या बसल्या मला जाणवलं की आई कशी गेली हे सांगू शकणारी दोनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक त्या खाटेवर आहे. त्या दिवशी बाबा 'लाव' म्हणाले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. मी मोबाइल काढला नाही. मी विचारलं, "मायनं थ्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

"मुगाची खिचडी," बाबा म्हणाले. "दोन घास."

तिथून ते सांगत गेले. एका दिवसात नाही. डायलिसिस सुरू असताना बीपी उतरतं, माणसाला फार बोलवत नाही. एका शनिवारी थोडं, दुसऱ्या शनिवारी थोडं. आधी आम्ही दिवसाचा भाग ऐकायचो, त्यातलं गाव, किडा, जहाज जे असेल ते निपटवायचो, आणि मग ते आपणहून आईवर यायचे. ती दुपारी कशी पडली. तिने पाणी मागितलं. कोण कोण होतं. कोणतं लुगडं नेसवलं. मी मध्ये बोलत नसे.

एकदा म्हणाले, "उन्हायात ते टीवीवर सांगत ना, कुठं किती तापलं. अकोला, नागपूर. तुयी माय हातातलं काम टाकून येऊन बसे. अमरावतीचं सांगतलं का उठून जाये."

"तुमाले माईत होतं?"

"मले समजे. म्या काई म्हनो नाई." मग थोड्या वेळाने म्हणाले, "एखाद दिवशी अमरावतीचं नाई सांगत. मंग बसून राहे, जाहिरात संपेपर्यंत."

त्या दिवशी दहा मिनिटं मी कापूस धरला, आणि दहा झाल्यावर सिस्टर म्हणाली, झालं, सोडा आता, तरी थोडा वेळ धरून होते.

दोन शनिवार नवराही सोबत आला. तो आला की बाबा त्यालाच सांगायला लावत. माझ्यापेक्षा तो खुलासेवार सांगतो, असं त्यांचं मत झालं होतं. मुलीला एकदा न्यायचं ठरवत होतो. तिची परीक्षा होऊन जाऊ दे म्हटलं, आणि ते राहून गेलं. त्याची रुखरुख अजून आहे.

फाल्गुनात एका सोमवारी दुपारी बाबा घरीच गेले. जेवून खाटेवर टेकले आणि गेले. भावाने लगेच फोन केला. आम्ही तिघं पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मला वाट करून दिली. मी त्यांचं तोंड पाहिलं. डाव्या हातावर सुयांचे डाग ओळीने होते, त्यावर हात ठेवला. आत घुमायचं थांबलेलं होतं. उचलायची वेळ आली तेव्हा भावाने माझ्या नवऱ्याचा दंड धरून त्याला पुढे केलं. एक दूरचे काका बाजूला होऊन झाडाखाली जाऊन उभे राहिले. बाकी कोणी काही बोललं नाही.

तेरवीनंतर कारने परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. नवरा म्हणाला, "मी एकटा गेलो होतो ना त्या दिवशी, एक गोष्ट तुला सांगितली नव्हती."

"काय?"

"ते तळ्याचं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, ती घरी रडते काय."

"तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, हो. पंधरा दिवस झाले, रडते."

"मग?"

"मग त्यांनी तोंड फिरवलं. सिस्टरने विचारलं, बाबा, हात दुखतो काय. तर म्हणाले, हो बाई, दुखते."

मी चहाचा ग्लास टपरीवाल्याला परत दिला. नवऱ्याने गाडी सुरू केली. त्याने हे मला तेव्हाच का सांगितलं नाही, हे मी त्याला अमरावती येईपर्यंत विचारलं नाही. घरी पोचल्यावर विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं तर तू त्यांच्यासाठी गेली असतीस. मला वाटलं, तू तुझ्यासाठी जावंस."